रेशमी तारेचा दिवा

माझं लग्न ठरलं तेव्हा मध्यस्थांनी ग्वाल्हेरच्या स्थळाची बरीच तारीफ केली होती. मुलगा दरबारच्या शाळेत मास्तर, वडील दरबारच्या दप्तरात, लष्कर भागात माधवगंजला स्वतःचं दगडी घर. आणि मग आवाज जरा खाली आणून, जसं काही गुपितच, ते म्हणाले, "घरात बिजली आहे." साताऱ्याला आमच्याकडे तेव्हा कंदील. रोज संध्याकाळी काचा पुसायचं काम माझं. आई मला म्हणाली, "सुटलीस बाई त्या काजळीतून." मीही हरखले होते, खोटं कशाला सांगू.

सासरी येऊन पाहिलं तर बिजली होती, पण देवडीत, बैठकीत, जिन्यात आणि माडीवर मामंजींच्या खोलीत. म्हणजे जिथे पुरुष बसतात-उठतात तिथे उजेड. मागच्या चौकापलीकडे स्वयंपाकघर. माझा जन्म जिथे जायचा होता त्या खोलीला खिडकी नव्हती. दारावर एक झरोका, वर धुराडं, उजेडाला एक समई आणि चुलीचा जाळ. मनातल्या मनात मी त्या मध्यस्थांना बरंच काही बोलून घेतलं. मला राग पटकन येतो आणि आला की सावकाश जातो, हे सासरच्या मंडळींना पहिल्या वर्षातच कळून चुकलं.

त्या स्वयंपाकघरात राज्य सासूबाईंचं. सोवळं इतकं कडक की त्या मुकटा नेसून चुलीपाशी बसल्या की मांजरसुद्धा उंबऱ्याबाहेर थांबायचं. नवरात्रात नवमीला कुळदेवीचा मोठा नैवेद्य असे, आणि लग्न होऊन आल्यापासून तो त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हाताने होऊ दिला नव्हता. मला नारळ खवायला मिळे, वेलदोडे सोलायला मिळत. पुरणाला हात लावू देत नसत. मी आतून धुमसायचे, पण त्यांच्या हातचं पुरण एकदा खाल्ल्यावर माझं बोलणंच खुंटलं.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पिकला की काढू. सासूबाईंनी सांगितलं होतं की माझ्या डोळ्याला हत्यार लावायचं नाही. तो विषय तिथेच संपला. त्या स्वयंपाक करायच्या त्या कानाने, नाकाने आणि बोटांनी. मोहरी तडतडली की हिंग, दुधाचा आवाज बदलला की पातेलं खाली. मी जवळ असायचे म्हणून मला ठाऊक होतं की त्यांना फार कमी दिसतं. घरात इतरांना वाटे, थोडं अंधुक दिसत असेल.

मग श्रावणात एकदा उतू जाणारं दूध उतरवताना त्यांचा हात पातेल्याऐवजी जाळात गेला. तळवा भाजला. मामंजींनी ते पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली, ती काही गेली नाही.

त्याच सुमारास घरातले दिवे सकाळी-सकाळी जायला लागले. मामंजी पहाटे उठून माडीवर पोथी वाचत. पोथी उघडून चार ओव्या होतात न होतात तोच फ्यूज उडायचा आणि सगळं घर गुडुप. ह्यांनी दोन-चारदा फ्यूजची तार बदलली. पुन्हा तेच. शेवटी नया बाज़ारातून मिस्त्री बोलावला.

मिस्त्री म्हणजे एक सडपातळ, पिकल्या दाढीचा, भारी बोलघेवडा माणूस. आमच्या दगडी भिंतींवर त्याचा फार राग. छिन्नी घसरली की म्हणे, "पत्थर है कि लोहा? किस दुश्मन ने बनवाया था ये मकान?" आणि काम करताना त्याची एक रीत होती. सगळ्यात आधी तो देवडीतल्या पेटीतून फ्यूज उपसून स्वतःच्या खिशात टाकायचा. खिशावर थाप मारून सांगायचा, "ये मेरे पास, तो जान भी मेरे पास. कोई खटका दबाता रहे, अपनी बला से." हे तो दर वेळी सांगायचा, कोणी विचारलेलं नसतानाही.

आमच्या घरातली वायर जुनी, मामंजींनी गल्लीत सगळ्यांच्या आधी बिजली घेतली तेव्हाची. कापडात गुंडाळलेल्या दोन तारा छताखालून चिनी मातीच्या गोट्यांवर नेलेल्या. कापड विरलेलं, आतलं रबर वाळून तडकलेलं, आणि माडीच्या वाटेत तर तारा चांगल्या लोंबकळत होत्या. मिस्त्री तिथे येऊन मान वर करून उभा राहिला आणि पहिल्यांदाच गप्प झाला. मग म्हणाला, "बाईसाहब, ये धोती किसकी है?"

सासूबाईंचं सोवळ्यातलं सुती लुगडं त्या तारांवर वाळत होतं.

सोवळ्याची वस्त्रं कोणाचा हात लागू नये म्हणून छताजवळच्या दांडीवर, काठीने उंच टाकायची असतात. आमच्याकडे ती दांडी अगदी तारांच्या शेजारून गेली होती. सासूबाई रोज पहाटे न्हाऊन, पिळलेलं लुगडं बांबूच्या काठीवर घेऊन, हाताच्या सवयीने वर टाकत. दांडी कुठली नि तार कुठली, हे त्यांना दिसतच नव्हतं. ओलं लुगडं उघड्या पडलेल्या तारांवर बसे, पाणी झिरपे आणि माडीवर मामंजींची पोथी अंधारात जाई.

"सूखी लकड़ी से डालती हैं," मिस्त्री म्हणाला, "इसी से बची हुई हैं अब तक. हाथ से डालतीं तो..." त्याने पुढचं वाक्य पुरं केलं नाही.

मामंजींनी दोन गोष्टी एकदमच ठरवल्या. पहिली, घरातली सगळी वायर काढून नवी घालायची, लाकडी पट्टीवरून, पक्की, आणि पितृपक्ष लागायच्या आत काम संपलं पाहिजे. दुसरी गोष्ट त्यांनी जेवताना ह्यांना सांगितली. घरातल्या बायकांशी जे बोलायचं ते ते मुलाला सांगत आणि आम्ही दाराआडून ऐकावं अशी पद्धत होती. "नवरात्रापासून स्वयंपाकाला आचारी येईल. यांच्याने आता होत नाही. एखाद दिवशी जळून घेतील."

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी पोळी उलटली, शेकली, तूप लावून पुढे केली. दुपारी मात्र मी पाहिलं, नैवेद्याची पितळी भांडी त्यांनी फडताळातून काढली होती आणि एकेका भांड्यावरून बोटं फिरवत बसल्या होत्या. मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मला राग येतो, तसा तो आला.

संध्याकाळी ह्यांना गाठलं. "सगळ्या घराला नवी वायर घालताय ना? मग स्वयंपाकघरात एक दिवा का नको? अंधारात जाळात हात जाणार नाही तर काय होईल? उजेड असला तर त्यांना थोडं तरी दिसेल आणि आचाऱ्याचं कारणच उरणार नाही."

हे म्हणाले, "बात तो सही है. पण आई मानेल? तिथे मिस्त्री कसा जाणार?"

"तुम्ही विचारा तरी."

विचारलं. सासूबाईंनी चुलीकडे तोंड ठेवूनच उत्तर दिलं, "ही बिजली माझ्या घरात यायच्या आधी कोणाकोणाच्या घरी जाऊन येते?"

हे मास्तर असले तरी आईपुढे विद्यार्थीच. पण त्या दिवशी त्यांना बरं सुचलं. "आई, बिजली तर वाहून राहिली असते. वाहत्या पाण्याला विटाळ नसतो, असं तूच सांगतेस ना?"

सासूबाईंनी विचारलं, "आणि तार? ती कशाची?"

"आत तांबं."

"तांबं चालेल. त्यावर?"

"रबर. म्हणजे झाडाचा चीकच तो, वाळवलेला."

"चीक चालतो. हिंगही चीकच. त्याच्यावर?"

"सुताचं वेष्टण," हे म्हणाले आणि जीभ चावली.

"मग नाही चालणार. सूत कोणी कातलं, कोणी हाताळलं, काय ठाऊक. ओवळ्याचं सूत माझ्या चुलीवर लोंबायचं नाही."

मी दाराशी उभी होते. सुती वस्त्र धुऊन, कोणी न शिवता वाळलं तरच सोवळं. रेशीम मात्र सदाचंच सोवळं. त्या स्वतः रेशमी मुकटा नेसून बसल्या होत्या. आणि बैठकीतल्या दिव्याची लोंबती तार मी कितीदा तरी पाहिली होती, पिळाची, तपकिरी, चकचकीत. मी पुढे होऊन म्हटलं, "रेशमी तारही मिळते. बैठकीत आहे तीच."

सासूबाईंनी माझ्याकडे तोंड वळवलं. त्यांची नजर माझ्या कानाजवळून कुठेतरी जात असे. "रेशीम आहे म्हणतेस?"

"रेशीम."

"मग आण म्हणावं," त्या म्हणाल्या. इतक्या चटकन मानतील असं मला वाटलं नव्हतं. मला वाटलं, आपला युक्तिवाद पटला. आपण हुशार, अशी माझी समजूत होतीच.

हे बाड्यावरच्या बाजारातल्या दुकानातून रेशमी तार घेऊन आले. सासूबाईंनी ती हातात घेऊन बोटांनी चाचपली, पीळ उलगडून पाहिला आणि चौकात उन्हात ठेवायला लावली. उरला प्रश्न आत जाऊन ती लावायची कोणी. मिस्त्रीला उंबरा ओलांडता येत नव्हता. हे सोवळं नेसून जायला तयार होते, पण मिस्त्रीने त्यांना एकदा स्टुलावर चढताना पाहिलं होतं. तो म्हणाला, "मास्साब रहने दें." तेव्हा मीच पदर खोचला.

"बहू करेंगी?" मिस्त्रीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "गीले कपड़े में तो नहीं?"

त्याला ठाऊक होतं, आमच्याकडे बायका ओलेत्याने सोवळ्यातली कामं करतात. मी म्हटलं, "लोकरीची धाबळी नेसते. ऊन की है. सूखी."

"ऊन? हओ, तब ठीक."

खटक्यावरून मात्र दोघांची चांगलीच जुंपली, एक उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर. सासूबाईंना खटका आत हवा होता आणि पितळेचा हवा होता, म्हणजे रोज चिंचेने घासून, पाण्याने धुऊन स्वच्छ ठेवता येईल. मिस्त्रीने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "अम्माजी, बिजली को नहलाया नहीं जाता." शेवटी खटका बाहेरच्या वाटेत, दाराच्या चौकटीवर लागला. तो ओवळ्याने दाबला तरी चालेल, कारण दिवा आत आणि हात बाहेर, असा निवाडा सासूबाईंनी स्वतःच दिला.

बाहेरची पट्टी आणि खटका मिस्त्रीने बसवला. रेशमी तार दारावरच्या झरोक्यातून आत सोडली. मी धाबळी नेसून चौरंगावर उभी. छताच्या फरशीत शिंकं टांगायची जुनी लोखंडी कडी होती, तीत चिनी मातीची गोटी बांधून तिच्यावरून तार घेतली, म्हणून दगडात भोक पाडायची वेळ आली नाही. मिस्त्री उंबऱ्याबाहेर उकिडवा बसून सांगत होता, "पेच कसो. और कसो. हाँ, अब लट्टू लगाओ, आधा घुमाओ, बस." लट्टू म्हणजे दिव्याचा गोळा; तो बसवेपर्यंत माझे दंड भरून आले होते. चुलीपाशी सासूबाई आवाज ऐकत बसल्या होत्या. मधेच विचारत, "कुठे आहे गं तो?" मी म्हणे, "तुमच्या उजव्या हाताला वर, शिंक्याच्या जागी."

दिवा लटकला. मिस्त्री म्हणाला, "बढ़िया. ज़रा बीड़ी पी आऊँ," आणि गल्लीत गेला.

मी खाली उतरून बाहेर वाटेत आले. तेवढ्यात मामंजी आले. दप्तरातून नुकतेच परतलेले, पगडी काढून हातात घेतलेली. स्वयंपाकघराच्या वाटेला ते सहसा फिरकत नसत; पण काम पाहायला आले असावेत. मी पदर सावरून बाजूला झाले. त्यांनी मानेने खूण केली, लाव म्हणून.

आता उजेड पडेल, मामंजी पाहतील की सासूबाईंना सगळं दिसतंय, आणि आचाऱ्याचं नाव निघणार नाही. मी खटका दाबला. त्या वेळचे खटके केवढे वाजत. टक्क असा आवाज आतपर्यंत गेला.

सासूबाईंनी फुंकणी खाली ठेवली. उजवीकडे मान वर केली, जिथे मी सांगितलं होतं बरोबर तिथे. तिन्हीसांजेला दिवा लागल्यावर जोडतात तसे हात जोडले. आणि म्हणाल्या, "छान पडलाय हो उजेड. अगदी कोपऱ्यापर्यंत."

दिवा लागलाच नव्हता. फ्यूज मिस्त्रीच्या खिशात, मिस्त्री गल्लीत. स्वयंपाकघरात होता तसाच अंधार होता, चुलीतही नुसता धूर, आणि त्यात त्या हात जोडून बसल्या होत्या.

माझं बोट खटक्यावरच राहिलं. मामंजींकडे पाहायची मला छाती होईना. पाहिलं तेव्हा ते दारातून आत बघत होते. चेहरा नेहमीसारखाच, पण नजर त्या जोडलेल्या हातांवरून हलत नव्हती. त्यांना आज कळलं होतं, पुरतं कळलं होतं. मला वाटलं, संपलं. मीच हट्ट करून दिवा लावायला लावला आणि मीच सासूबाईंना भर दारात उघडं पाडलं.

मामंजी खाकरले.

"हो," ते म्हणाले. "छान पडलाय."

त्यांना मी तोवर कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. बायकोला उद्देशून माझ्यासमोर बोलतानाही ऐकलं नव्हतं. ते वळले आणि बैठकीकडे गेले.

त्यांच्या पावलांचा आवाज चौकापलीकडे गेल्यावर सासूबाईंनी हळूच हाक मारली, "सूनबाई, लागला नव्हता ना?"

मी उंबऱ्यात बसले. "कसं कळलं?"

"तू बोलली नाहीस. तुला आनंद झाला की तू कधी गप्प बसून राहिली आहेस?"

मला रडू फुटलं. "नाही लागला. फ्यूज काढलेला आहे. माझ्या ध्यानातच आलं नाही."

"आणि त्यांनी पाहिलं."

"हो."

त्या थोडा वेळ फुंकणीशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मिस्त्रीला बोलाव आणि नीट लाव. मला कशाला हवाय दिवा? मला चुलीचा जाळसुद्धा आताशा नुसता लाल ढग दिसतो. तू रोज या धुरात डोळे चोळत असतेस, ऐकू येतं मला, नाक ओढतेस ते. माझे गेले. तुझे कशाला जायला हवेत? म्हणून हो म्हटलं. रेशीम-बिशीम ते तर कारण."

हुशारीची माझी सगळी घमेंड तिथेच उतरली. मिस्त्री आला, कपाळावर हात मारून घेतला, फ्यूज घातला. दिवा लागला आणि लग्नानंतर पहिल्यांदा मी माझं स्वयंपाकघर पाहिलं. भिंती काजळीने काळ्या कुळकुळीत, फडताळाला मुंग्यांची रांग, आणि मधे सासूबाई, भाजलेला तळवा मांडीवर उताणा ठेवून बसलेल्या. "आता?" त्यांनी विचारलं. "आता लागला," मी म्हटलं.

रात्री जेवताना मामंजी ह्यांना म्हणाले, "त्या आचाऱ्याला नको म्हणून सांगून ये. आता आत उजेड झाला आहे, मग बाहेरचा माणूस कशाला?" हे खूश झाले. त्यांना वाटलं, दिव्याने काम केलं. दाराआड सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि जेवण होईपर्यंत सोडलं नाही.

नवमीचा नैवेद्य त्यांच्याच हातचा झाला. डाळ किती शिजली हे त्या बोटाने पाहत, पुरणाचा रंग मी सांगे. जाळाच्या बाजूला मी बसे, भांड्याच्या बाजूला त्या. त्या वर्षी पहिल्यांदा त्यांनी मला पुरण घोटायला दिलं आणि घोटताना तीनदा हातातून ओढून घेतलं. मी चिडले, त्या हसल्या.

मामंजी त्यानंतर रोज तिन्हीसांजेला स्वयंपाकघराच्या वाटेत येऊ लागले. या माणसाने कधी आपल्या हाताने पाण्याचा तांब्या भरून घेतला नव्हता. ते खटका दाबत, मान आत घालून दिवा खरंच लागला की नाही ते बघत, आणि मग चौकटीला सांगावं तसं, कोणाकडेही न पाहता म्हणत, "दिवा लागलाय."

खटक्याचा आवाज सासूबाईंना ऐकू येत असे. पण त्या थांबत. मामंजींनी सांगितल्यावरच हात जोडत.